कोरा रोल, परका देश आणि कर्जतची हवा

मुंबईहून कर्जतकडे निघालेली लोकल बदलापूर सोडते, मग वांगणी येते, आणि त्यापुढच्या शेलू-नेरळपासून कर्जत तालुका सुरू होतो. वांगणीला आज उतरले तर इमारती, रिक्षा आणि नर्सऱ्या दिसतात. ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण चालू होते तेव्हा हे शंभर उंबऱ्यांच्या आतबाहेरचे खेडे असावे. दादासाहेब फाळके यांची मंडळी तिथे बाहेरच्या दृश्यांसाठी उतरली. पिळदार मिशा, हातात तलवारी आणि भाले, अंगावर राजेशाही पोशाख. असे लोक माळावर फिरताना पाहून गावकऱ्यांनी दरोडेखोर आले अशी वर्दी दिली आणि पोलिसांनी सगळ्यांना धरले. फाळक्यांनी येऊन हा काय प्रकार आहे ते समजावले, आपले यंत्र दाखवले, तेव्हा कुठे मंडळी सुटली.

ज्या यंत्राने त्या दिवशी नटांची सुटका केली, ते लंडनहून आलेले होते. विल्यमसन कंपनीचा, पन्नास पौंडांचा कॅमेरा. परदेशातून कॅमेरा आणणे ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती हे या एका आकड्यावरून कळत नाही. ते कळते फाळक्यांनी त्याच्याबरोबर आणखी काय काय आणले यावरून. आजही परदेशी जाऊन कॅमेरा घेणाऱ्याला, आणि पुन्हा एकदा फिल्मवर फोटो काढू लागलेल्या तरुणांना, त्या खरेदीतून बरेच शिकता येते.

फाळक्यांच्या आधी एक मराठी माणूस याच वाटेने गेला होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलचित्रे दाखवली गेली आणि सावेदादांना त्या नव्या कलेने झपाटले. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून एकवीस गिनींना चलचित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती त्यांनी टिपली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचे मुंबईतले स्वागतही त्यांनी चित्रित केले.

पण कुस्तीची ती फिल्म धुवायला कुठे गेली? इंग्लंडला. कॅमेरा सावेदादांच्या हातात होता, विषय मुंबईचा होता, पैलवान इथले होते. मात्र काढलेला रोल पेटीत बंद होऊन समुद्रापार गेला, तिथे धुतला गेला आणि मग परत आला. चित्र नीट उमटले की नाही हे कळायलाच आठवडे लागायचे. उजेड कमी पडला असेल, फिल्म यंत्रात अडकली असेल, तरी दुरुस्त करून पुन्हा टिपायची सोय नव्हती, कारण तोवर कुस्ती संपून पैलवान आपापल्या गावी गेलेले. सावेदादांचे कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. उलट एवढ्या अंधारात चाचपडत त्यांनी जे केले त्याला दाद द्यावी तेवढी थोडीच.

फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले तेव्हा त्यांनी विमा पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचे कर्ज काढले होते. लंडनमध्ये ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक कॅबोर्न यांना त्यांनी आपला बेत सांगितला. कॅबोर्ननी आधी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. इंग्लंडातच या धंद्यात हात पोळलेले लोक कमी नाहीत, आणि हिंदुस्थानच्या हवेत हे जमेल का, असे त्यांचे म्हणणे. फाळके हटले नाहीत, तेव्हा त्याच कॅबोर्ननी त्यांना कॅमेरे, कच्ची फिल्म आणि इतर सामान विकणाऱ्यांकडे नेले, आणि वॉल्टन-ऑन-टेम्स येथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओची वाट दाखवली. हेपवर्थनी सगळी खाती मोकळेपणाने पाहू दिली. चित्रीकरण, फिल्म धुणे, प्रत छापणे, सगळे.

मग खरेदी झाली. कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म, आणि तिसरी एक गोष्ट, जिच्याकडे चित्रपटाचा इतिहास वाचणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही: फिल्मला भोके पाडायचे यंत्र.

तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवायही विकली जायची. ती भोके नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे सरकवूच शकत नाहीत. म्हणजे विकत घ्यायची ती नुसती पट्टी. तिला कॅमेऱ्यात बसण्याजोगी करायचे काम आपले. ते काम अंधारात करावे लागे, कारण उजेड लागला की फिल्म गेली. दादरच्या घरी हे काम सरस्वतीबाई फाळके करत. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधाऱ्या खोलीत यंत्रावर फिल्म सरकवत भोके पाडणे.

या कामाचा अंदाज आकड्यांतच येतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, आणि प्रत्येक चौकटीला प्रत्येक बाजूने चार भोके. दोन्ही कडा धरल्या तर फुटामागे एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे पडद्यावर दिसलेल्या तेवढ्याच फिल्मच्या कडांना पावणेपाच लाखांच्या आसपास भोके. टाकून दिलेले तुकडे आणि चाचणीचे रोल वेगळेच. एका ओळीत जरी भोक सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरणार. सरस्वतीबाईंना हे कोणी विलायतेत शिकवले नव्हते. फाळके जे पाहून आले ते त्यांनी घरी सांगितले, आणि बाईंनी ते हातात बसवले.

फाळके १ एप्रिलला परत आले, सामान बोटीने मागून मे महिन्यात पोचले. बरोबर आलेल्या आराखड्यावरून चार दिवसांत यंत्र जोडून झाले. कुटुंबातल्या माणसांवर चाचणी झाली. पैसा उभा करण्यासाठी वाटाण्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हे छोटे चित्र केले गेले. ही सगळी फिल्म मुंबईत, घरातच धुतली गेली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा टिपण्यापासून छापण्यापर्यंतचा एकही टप्पा समुद्रापार गेलेला नव्हता. सावेदादा आणि फाळके यांच्यातला फरक इथे आहे. दोघांनी कॅमेरा इंग्लंडहूनच आणला. फाळक्यांनी त्याच्याबरोबर फिल्म हाताळायची विद्याही आणली.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गोष्ट आणखी पुढची. पहिल्या महायुद्धाच्या काळात विलायती कॅमेरा मिळणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी १९१८ मध्ये आपल्या माणसांना हाताशी धरून देशी कॅमेरा घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ केला. पण कच्ची फिल्म तेव्हाही बाहेरूनच यायची. भारतात उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना निघायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

कॅबोर्ननी हवेची शंका काढली होती ती पोकळ नव्हती. तिचा खरा अर्थ समजायचा तर वांगणीहून आणखी पुढे, कर्जत ओलांडून बोरघाटाच्या पायथ्याशी जायला हवे.

१८५६ मध्ये रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि तिथे थांबली. समोर सह्याद्रीची भिंत. कर्जत-पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंतचा घाटाचा टप्पा बांधायला १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे लागली: सुमारे पंचवीस किलोमीटर लांबी, साडेपाचशे मीटरांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट इतका तीव्र उतार. १८६१ मध्ये या कामावर एका वेळी बेचाळीस हजार मजूर होते. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल मजुरांच्या दंग्यानंतर १८५९ मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल घाटात पोचल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने गेला. कंत्राट त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, स्वतःच्या हाती घेतले आणि अनुभवी व्यवस्थापकांच्या मदतीने काम तडीस नेले. याच बाईने घाटातल्या बांधकामाची छायाचित्रे टिपली. कमानींचे पूल, अर्धवट बोगद्यांची तोंडे, कड्यावर लटकलेले पाड. बोरघाट बांधला जाताना कसा दिसत होता हे आज आपण पाहू शकतो ते तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अल्बममुळे.

त्या काळात सर्वांत प्रचलित पद्धत होती ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियन ओतायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र टिपायचे आणि सुकायच्या आत धुवायची. म्हणजे जिथे फोटो तिथे अंधारा तंबू. काचा, बाटल्या, पाणी, सगळे गड्यांच्या डोक्यावर. कलोडियन बनते ते ईथर आणि मद्यार्कात विरघळवलेल्या कापसाच्या रसायनापासून. आणि ईथर उकळते ३४.६ अंश सेल्सिअसला. एप्रिल-मेमध्ये कर्जत-खालापूरला ज्याने दुपार काढली आहे त्याला हा आकडा वाचून पुढचे सांगायची गरज नाही. पारा चाळिशीला टेकतो. सावलीत ठेवलेली बाटलीसुद्धा त्या तापमानात भरवशाची राहत नाही. शिवाय सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी इंग्लंडचे सामान आफ्रिकेला वळसा घालून यायचे, नाहीतर अलेक्झांड्रियापर्यंत बोटीने, मग मिसरची भूमी ओलांडून सुएझला, आणि पुन्हा बोटीने तांबड्या समुद्रातून. काच फुटणे, रसायन उडून जाणे, धक्क्यावर दिवसचे दिवस माल पडून राहणे, हे सगळे कॅमेरा हातात येण्याच्या आधीचे.

पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, मग ईस्टमनची गुंडाळी फिल्म. उष्ण देशांसाठी फिल्म सीलबंद डब्यांत येऊ लागली. हवेचा प्रश्न मात्र गेला नाही. उष्णता आणि दमटपणा आजही फिल्मची पाठ सोडत नाहीत. फक्त आता त्यात विमानतळाची भर पडली आहे.

आज कर्जत-खालापुरात कॅमेऱ्याचे आकर्षण पूर्वीपेक्षा जास्त आहे. चौक गावाजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चे महाल उभे राहिले तेव्हा मोठ्या पडद्याचे चित्रीकरण फिल्मवरच होत होते. इथल्या फार्महाऊसवरच्या लग्नांत आता झटपट फोटो देणारे इन्स्टॅक्स कॅमेरे हातोहात फिरतात. पावसाळ्यात भिवपुरीचे धबधबे, कोंढाणे लेणी, माथेरानचे कडे. आणि पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, कोंदिवडेहून राजमाचीकडे चढताना झाडेच्या झाडे लुकलुकवणारे काजवे.

काजव्यांचा फोटो फिल्मवर काढायचा तर वेगवान फिल्म लागते. कोडॅकची टी-मॅक्स पी३२००, इलफर्डची डेल्टा ३२००. अशी फिल्म आपल्याकडे नेहमी मिळते असे नाही, म्हणून परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाला किंवा मित्राला पाचसहा रोल आणायला सांगितले जाते. आणि नेमकी हीच फिल्म विमानतळावरच्या क्ष-किरणांना सर्वांत लवकर बळी पडते. फिल्म जितकी उजेडाला संवेदनशील, तितकी क्ष-किरणांनाही. इन्स्टॅक्सची फिल्म आठशे आयएसओची असते, ती वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊकच नसते.

चेक-इन सामानाची यंत्रे सर्वांत जबर. त्यांच्या किरणांखाली गेलेला रोल धुतल्यावर निगेटिव्हवर साधारण सेंटीमीटरभर रुंदीचे काळपट पट्टे दिसतात, आणि फिल्म गुंडाळीत कशी पडली होती त्यानुसार ते लाटेसारखे वळलेले असतात. छपाईत तेच पट्टे फिकट होऊन चित्रावर उतरतात. तेव्हा फिल्म, मग ती कोरी असो वा काढलेली, चेक-इन बॅगेत कधीही घालू नये. या नियमाला अपवाद नाही.

हातातल्या सामानाच्या जुन्या क्ष-किरण यंत्रांतून कमी वेगाची फिल्म एकदोनदा गेली तर सहसा काही होत नाही. पण गेल्या काही वर्षांत अनेक विमानतळांवर हातातल्या बॅगांसाठीही सीटी यंत्रे आली आहेत, जी बॅगेभोवती क्ष-किरण फिरवून तिला चहूबाजूंनी स्कॅन करतात. लॅपटॉप बाहेर काढायला लागत नाही म्हणून प्रवासी खूश असतात. फिल्मसाठी मात्र ही यंत्रे घातक आहेत. कोडॅकने स्पष्ट सांगितले आहे की अशा यंत्रातून फिल्म जाऊ देऊ नये. फिल्मभर पसरलेला धुरकटपणा, सावलीतले तपशील गायब, दाणा खडबडीत. काजव्यांच्या फोटोत तर सावली हेच सगळे चित्र. जुन्या यंत्रांवर ‘आठशे आयएसओपर्यंत सुरक्षित’ असा फलक असतो, तो नव्या यंत्राला लावून धरणे चूक आहे. शिशाची पिशवी हाही पक्का उपाय नाही: आत काय आहे ते पडद्यावर दिसले नाही, की अधिकारी बॅग उघडतो किंवा पुन्हा स्कॅन करतो.

विमानतळावर उपाय एकच, हाताने तपासणी मागणे. सगळे रोल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काढून एका पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवावेत, कॅमेऱ्यात रोल भरलेला नसावा, आणि रांगेत वेळेआधी पोचावे. अमेरिकेत विमानतळांची सुरक्षा पाहणारी टीएसए मागितल्यावर हाताने तपासणी करते. इतर देशांत, आणि आपल्याकडेही, ते तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यावर असते. घाईच्या वेळी, मागे रांग खोळंबलेली असताना, नम्रपणे मागणाऱ्याचे काम होते, हुज्जत घालणाऱ्याचे होत नाही.

याहून सोपी एक वाट आहे. फिल्म जिथे जायचे तिथेच विकत घ्यावी, तिथेच वापरावी आणि परतण्याआधी तिथेच धुवून घ्यावी. धुतलेल्या निगेटिव्हला क्ष-किरणांचे भय नाही. टोकियो, सिंगापूर, लंडन अशा शहरांत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा अजून आहेत. सावेदादांना जे नाइलाजाने करावे लागले, फिल्म परक्या देशात धुवून आणणे, तेच आजच्या प्रवाशाला शहाणपणाचे ठरते. टपालाने रोल मागवणे हा मात्र जुगार आहे. पार्सलही क्ष-किरणांखालून जाते.

कॅमेऱ्याच्या खरेदीचे तसे नाही. तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे आपल्याजवळ राहतो, म्हणून थोडा वेळ घालवून पाहावा. टोकियोच्या शिंजुकूतली मॅप कॅमेऱ्यासारखी दुकाने जुन्या कॅमेऱ्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. तिथे प्रत्येक वस्तूचा दर्जा लिहिलेला असतो. तरी स्वतः तपासून घ्यावे. लेन्स उजेडाकडे न धरता मागून छोटी टॉर्च मारावी आणि तिरक्या कोनातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी, दुधी थर दिसला तर आतले तेल किंवा धूर, आणि पडद्याच्या पात्यांवर चकाकी दिसली तर तिथेही तेल. बुरशी लागलेली लेन्स कितीही स्वस्त मिळत असली तरी कर्जतच्या पावसाळ्यात आणायची नाही. तिथे ती फोफावेल आणि शेजारच्या चांगल्या लेन्सलाही लागेल.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत आणखी एक खोच असते, बॅटरीची. १९६०-७० च्या दशकांतले कितीतरी कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या गुंडीवर चालत. त्या बॅटरी पर्यावरणासाठी बंद झाल्या. त्याच आकाराची साधी अल्कलाइन गुंडी १.५ व्होल्टची, तीही हळूहळू उतरत जाणारी. त्यामुळे प्रकाशमापक चुकीचे आकडे देतो. विकत घेताना दुकानदाराला हे विचारावेच. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो आणि बदलता येत नाही, हेही दुकानातच चालू करून पाहायचे. हमी आपल्या देशात चालते का, याचे उत्तर तोंडी न घेता कागदावर घ्यावे. कंपन्या बहुधा ज्या देशात विकले त्याच देशात दुरुस्तीची जबाबदारी घेतात.

जिथे पर्यटकांना कर परत मिळतो तिथली किंमत स्वस्त वाटते. सिंगापुरात जीएसटी परत मिळतो. ब्रिटनने मात्र १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांना व्हॅट परत देणे बंद केले, तरीही लंडनला करसवलतीच्या आशेने गेलेले लोक भेटतात.

आणि मग आपला कस्टम. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परदेशातून परतणाऱ्या प्रौढ भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणता येत असे, आणि त्यावरच्या किमतीवर मिळून ३८.५ टक्के शुल्क लागे. १,२०,००० रुपयांचा कॅमेरा घेतला तर उरलेल्या ७०,००० वर २६,९५० रुपये, एवढा साधा हिशोब होता. हे आकडे सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून तिकीट काढतानाच सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचावेत. नवरा-बायको आणि मुलगा असे तिघे असले तरी तिघांची सूट एकत्र करून एक महाग कॅमेरा सोडवता येत नाही. पावती जवळ ठेवून, माल जाहीर करायच्या लाल मार्गाने जाणे आणि शुल्क भरणे, यात ना वेळ फार जातो ना अब्रू. उलट काहीच जाहीर न करता हिरव्या मार्गात पकडले गेले तर माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होतो.

उलट दिशेची गोष्ट लोक विसरतात. इथलाच महागडा कॅमेरा घेऊन परदेशी जायचे असेल तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टम कचेरीत त्याचा अनुक्रमांक नोंदवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. ते असले की परतताना हा कॅमेरा तिकडून आणला का, असा प्रश्न उरत नाही. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांवर चिकटपट्टी लावून. चेक-इन सामानात त्या चालत नाहीत.

कॅमेरा घरी आला. आता पुन्हा कर्जतची हवा.

वातानुकूलित डब्यातून किंवा गाडीतून जुलैत कर्जत स्टेशनवर उतरले की थंड लेन्सवर लगेच बाष्प साचते. पुसत बसू नये. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवावा आणि आतली उष्णता हळूहळू बाहेरच्या इतकी होऊ द्यावी. फ्रिजमधून काढलेल्या कोऱ्या रोलचेही तेच. डबी बंद ठेवून तासभर तरी थांबावे, मग उघडावी. लेन्सवर बुरशी वाढते ती हवेतला दमटपणा दीर्घकाळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की. खोपोली-कर्जतला जून ते सप्टेंबर तो याहून कितीतरी वर असतो. म्हणून चाळीस ते पन्नास टक्क्यांवर हवा राखणारी विजेवरची छोटी कपाटे हौशी लोक घेतात. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या जुन्या पेटीत कॅमेरा पावसाळाभर ठेवणे सर्वांत वाईट. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशीचे पहिले घर तेच होते.

काढलेला रोल कोऱ्या रोलपेक्षा नाजूक. उजेडाने फिल्मवर जे अदृश्य चित्र पडलेले असते ते उष्णतेत आणि दमटपणात हळूहळू विरते. जूनमध्ये टिपलेले काजवे दिवाळीत धुवू म्हणून कपाटात ठेवणे बरे नाही. कर्जतहून मुंबईच्या लॅबपर्यंत लोकलचा दोन तासांचा प्रवास आहे, आणि कृष्णधवल रोल तर घरीच धुता येतो. त्यासाठी डार्करूमसुद्धा लागत नाही. एक अंधारी पिशवी, झाकणाची टाकी आणि डेव्हलपर, फिक्सर पुरतात. अडचण तापमानाची. पुस्तकांतले वेळ वीस अंशांना दिलेले असतात आणि उन्हाळ्यात नळाचे पाणी तिशीला पोचते. त्या पाण्यात रोल धुतला तर जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो, ओरखडे पडतात. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून डेव्हलपर वीसवर आणायचा, आणि नंतरच्या सगळ्या पाण्यांचे तापमान त्याच्या आसपास ठेवायचे. गरम-थंड असे धक्के बसले की थराला सुरकुत्या पडतात आणि त्या निघत नाहीत.

काजव्यांच्या रोलला आणखी दोन गोष्टी लागतात. एक, लांब उघडणीत फिल्म थकते. उजेड दुप्पट वेळ दिला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. इलफर्डच्या एचपी५ साठी मापकाने दहा सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात वीसेक सेकंद द्यावे लागतात. दोन, चारशेचा रोल सोळाशेवर टिपला असेल तर तो जास्त वेळ धुवावा लागतो, आणि हे धुणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. रोल कॅमेऱ्यातून काढताच त्यावर मार्करने आकडा, तारीख आणि जागा लिहावी: ‘१६००, कोंदिवडे’. लॅबच्या पावतीवरही तोच आकडा लिहून घ्यावा, म्हणजे रोल दुसऱ्याच माणसाने धुतला तरी चूक होत नाही.